मासा ताजा आहे, पण पाणी कुठलं?

बाजारात मासा घेताना आपण कल्ला उचलून लाली बघतो, डोळा बघतो, अंग बोटाने दाबून बघतो. या तिन्ही परीक्षा ताजेपणाच्या, आणि त्या करायलाच हव्यात. पण पारा, शिसं, कॅडमियम, क्रोमियम यांना ना वास असतो ना चव. नुकताच जाळ्यातून काढलेला, टोपलीत अजून शेपटी आपटणारा मासाही अंगात धातू साठवून असू शकतो. बर्फात दोन दिवस काढलेला मासा त्या बाबतीत अगदी निर्धोक असू शकतो. धातूचा संबंध ताजेपणाशी नाहीच. मासा कुठल्या पाण्यात वाढला, काय खाऊन वाढला आणि किती वर्षं वाढला, यावर सगळं ठरतं. विकणाऱ्याला हेच विचारायची सवय लावून घ्यायची.

एक गोष्ट आधीच सांगते. मासे सोडा, असं सांगायला हा लेख लिहिलेला नाही. इंदापूर-करमाळ्यापासून पैठणपर्यंत आणि तिकडे भंडारा-गोंदियात गोड्या पाण्यातला मासा हे साध्या घराला परवडणारं उत्तम प्रथिन आहे. भीतीपोटी तो बंद करून मुलांच्या ताटात बिस्किटं आणि फरसाण वाढलं तर नुकसानच जास्त. खायचाच, फक्त निवडून.

धातू माशात पोहोचतो कसा

उजनीचंच घेऊ. भीमेवरचं हे धरण 1980 मध्ये पूर्ण झालं. वरच्या अंगाला पुणे आणि पिंपरी-चिंचवड ही दोन मोठी शहरं. मुळा-मुठा, पवना, इंद्रायणी या नद्या शहरांचं सांडपाणी घेऊन भीमेत येतात, आणि त्यातलं सगळंच प्रक्रिया होऊन येत नाही. त्यात घरगुती मैला असतो, तसं इलेक्ट्रोप्लेटिंग करणाऱ्या छोट्या कारखान्यांचं पाणी, गॅरेजमधलं काळं पाणी, रंग आणि बॅटऱ्यांच्या धंद्यातली धुवण हेही असतं. वाहत्या पाण्यात हे पुढे जात राहतं. धरणाच्या फुगवट्यात पाणी संथ झालं की बारीक गाळ खाली बसतो आणि त्याला चिकटलेले धातूही त्याच्याबरोबर बसतात. भिगवण, कुंभारगावच्या ज्या उथळ चिखलात रोहित पक्षी चरताना बघायला आपण गाड्या काढून जातो, तिथेच हे सगळं येऊन विसावतं. पाणथळ जागा निसर्गाच्या गाळणीचं काम करतात हे खरं. पण गाळणीत जे अडकतं ते गाळणीतच राहतं.

त्यातही पाऱ्याची गोष्ट वेगळी. गाळात खाली प्राणवायू नसतो. तिथले काही जिवाणू साध्या पाऱ्याचं मिथाइल पाऱ्यात रूपांतर करतात, आणि हा पारा सजीवांच्या शरीरात सहज शिरतो व सहजासहजी बाहेर पडत नाही. पाणी उन्हाळ्यात ओसरतं, गाळपेर जमीन उघडी पडते आणि पावसाळ्यात ती पुन्हा बुडते, अशा ठिकाणी ही क्रिया जास्त चालते. म्हणजे आपल्याकडच्या बहुतेक धरणांच्या फुगवट्यांना ती सोयीची. गाळातले किडे, किडे खाणारे लहान मासे, त्यांना खाणारे मोठे मासे, अशा प्रत्येक पायरीवर त्याचं प्रमाण वाढत जातं. पाणी तपासलं तर त्यात पारा सापडणारही नाही इतका कमी असतो, आणि त्याच पाण्यातल्या मोठ्या शिकारी माशात तो लाखो पटींनी जास्त भरतो. म्हणून 'पाण्याचा रिपोर्ट चांगला आलाय' एवढ्यावर माशाबद्दल निश्चिंत होता येत नाही. जपानमधल्या मिनामाताला 1956 मध्ये जो आजार उघडकीला आला, तो लोकांना पाणी पिऊन नव्हे, तर खाडीतले मासे आणि शिंपले खाऊन झाला होता.

आता सांडपाण्यातला प्रत्येक मासा विषारीच, असंही समजू नका. कोलकात्याच्या पूर्वेला साडेबारा हजार हेक्टरचा पाणथळ पट्टा आहे. 2002 पासून तो रामसर यादीत आहे. शहराचं सांडपाणी तिथल्या उथळ तळ्यांत, म्हणजे तिकडच्या 'भेड्यां'मध्ये सोडतात. ऊन, शेवाळ आणि मासे मिळून ते स्वच्छ करतात आणि तोच मासा शहर पिढ्यान्‌पिढ्या खात आलंय. घरगुती मैल्यातला सेंद्रिय भाग हे माशाचं खाद्यच. अडचण आली ती चामडं कमावणाऱ्या कारखान्यांच्या पाण्याची, कारण त्यात क्रोमियम असतं. तांगरा, तिळजला, टोपसियातले हे कारखाने हलवा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये दिला; पुढे बानतलाला त्यांच्यासाठी स्वतंत्र वसाहत उभी राहिली. तेव्हा 'सांडपाणी येतं का?' एवढं विचारून भागत नाही. कुणाचं सांडपाणी येतं, हे विचारायचं.

तुमच्या गावचा तलाव किंवा धरण असेल तर ही चौकशी एका दिवसाचं काम आहे. तलावाला मिळणारा नाला धरून वर चालत जा. वर एमआयडीसी, बॅटरी फोडण्याचं किंवा भंगार जाळण्याचं ठिकाण, औष्णिक वीजकेंद्राचा राखेचा बंधारा, कचरा डेपो यांपैकी काही असेल, तर त्या पाण्यातला मासा रोजचा नव्हे. वर नुसतं रान आणि शेती असेल, जसं विदर्भातल्या कित्येक माजी मालगुजारी तलावांच्या वर आहे, तर धातूंची काळजी बरीच कमी. मृगाच्या पहिल्या पावसात चढणीचे मासे धरायला लोक ओढ्यावर जातात. शहराच्या वरच्या अंगाचा ओढा आणि कारखान्यांच्या खालचा ओढा यांत फरक करा. साठवून ठेवलेलं घाण पाणी पहिल्या पुरात सोडून देणारे महाभाग सगळीकडे असतात. मासे मरून वर आले असतील तर बहुधा पाण्यातला प्राणवायू संपलेला असतो, धातूमुळेच ते मेले असं नाही. तरी ते गोळा करून आणू नयेत. रॉकेलचा किंवा औषधी वास मारणारा मासा तर परतच करा.

कोणता मासा, केवढा, कोणता भाग

शहरातल्या बाजारात नाला धरून वर जाता येत नाही. तिथे माशाची जात आणि आकार हेच हातात उरतं.

मरळ, शिवडा हे दुसऱ्या माशांवर जगणारे. पाऱ्याच्या हिशेबात हे सगळ्यात वरच्या पायरीवर, आणि जितके मोठे तितके जुने. गंमत अशी, की आपल्याकडे आजाऱ्याला, बाळंतिणीला ताकदीसाठी मुद्दाम मरळ देतात. बाजारात ती पाण्याच्या टपात जिवंत मिळते आणि भाव चढा असतो. शेततळ्यात खाद्यावर वाढवलेली अर्ध्या-पाऊण किलोची मरळ असेल तर हरकत नाही. पण शहराखालच्या धरणातली दोन-तीन किलोची मरळ गरोदर बाईला खाऊ घालणं हा मला उलटा उपचार वाटतो.

कटला वरच्या थरातलं तरंगतं सूक्ष्म अन्न खातो, रोहू मधल्या थरात चरतो. दोघंही अन्नसाखळीत खालचे, त्यामुळे पारा कमी. मृगळ आणि सायप्रिनस तळाचा गाळ चाळून खातात; त्यांच्या मांसातला पारा फार नसला तरी पोटात गाळाबरोबर शिसं आणि कॅडमियम असू शकतं, म्हणून साफ करताना हयगय नको. चिलापीला नावं ठेवायची फॅशन आहे, पण ती लवकर वाढते, लवकर पकडली जाते, मुख्यतः शेवाळ आणि कुजकं खाते. पाऱ्याच्या दृष्टीने पाव-अर्ध्या किलोची चिलापी दहा किलोच्या जुन्या माशापेक्षा केव्हाही बरी. थाय मांगूर मात्र घेऊच नका. त्याच्या पालनावर देशात 2000 पासून बंदी आहे आणि चोरून पाळणारे त्याला काय खाऊ घालतात याचा काही भरवसा नाही.

एकाच जातीत निवड करायची तर एक-दीड किलोचा मासा घ्या. मोठ्या माशाचं कौतुक लग्नाच्या पंगतीपुरतं ठेवा.

नाल्याजवळच्या चिखलातले शिंपले आणि गोगलगाई टाळलेल्या बऱ्या, कारण शिंपले पाणी गाळून आणि गोगलगाई गाळावर चरून जगतात. खेकड्याचं मांस खा, पण कवटीतला पिवळसर-तपकिरी गर, जो काही लोक चमच्याने काढून रश्शात घालतात, तो शंकास्पद पाण्यातल्या खेकड्याचा असेल तर टाकून द्या. कॅडमियम तिथेच साठतं.

आता साफ करण्याबद्दल. इथे आपल्या हातात सर्वांत जास्त आहे. शिसं आणि कॅडमियम मांसात कमी आणि कल्ले, काळीज, मूत्रपिंड, आतडी, हाडं, खवले यांत जास्त असतं. मासेवालीला 'साफ करून दे' एवढंच सांगितलं तर ती पोट फाडून आतडी काढते आणि तुकडे करते. कल्ले बऱ्याचदा डोक्यातच राहतात आणि मूत्रपिंडाला तर कुणी हात लावत नाही. पोट उघडल्यावर कण्याच्या खालून एक गडद लाल, रक्त गोठल्यासारखी पट्टी गेलेली दिसते, तेच मूत्रपिंड. त्यावर पातळ पडदा असतो. सुरीच्या टोकाने तो उभा चिरायचा, अंगठ्याच्या नखाने पट्टी खरवडायची आणि वाहत्या नळाखाली धुवायची, आतून कणा पांढरा दिसेपर्यंत. पोटाच्या आतल्या भिंतीवरचा काळा पडदाही त्याच वेळी निघतो आणि चिखलट वास पुष्कळ जातो. डोक्याचं कालवण आवडत असेल तर कल्ल्यांची लाल कंगव्यासारखी दोन्ही झुपकी मुळापासून कापून काढा. काळीज आणि पोटातली चरबी तळून खायची सवय असेल तर ती स्वच्छ तलावाच्या माशापुरती ठेवा. मळ्यासारखे बारीक मासे अख्खे तळतात. त्यांच्यात पारा कमी आणि काट्यांतून कॅल्शियम मिळतं, तेव्हा ते सोडू नका. फक्त पोट दाबून आतलं काढून टाका. कंटाळवाणं काम आहे, पण घरात दोन माणसं बसली तर होतं.

पाऱ्याला मात्र यातली कुठलीच युक्ती लागू पडत नाही. तो चरबीत नसतो, मांसातल्या प्रथिनांनाच बांधलेला असतो. चरबी काढा, कातडी काढा, तो तिथेच. हळद-मीठ, लिंबू, चिंच, आमसूल हे वासासाठी आणि चवीसाठी. त्यांनी धातू निघत नाही. उकळून निघत नाही, तळून निघत नाही. उलट तळल्यावर माशातलं पाणी उडतं आणि वजन घटतं, त्यामुळे शंभर ग्रॅममागे धातूचा आकडा वाढलेलाच दिसेल. पाऱ्यावर उपाय एकच: योग्य जात, लहान आकार, बेताचं प्रमाण.

किती खायचं

एफएसएसएआयच्या नियमांप्रमाणे माशात शिसं आणि कॅडमियम प्रत्येकी किलोमागे 0.3 मिलिग्रॅम आणि पारा 0.5 मिलिग्रॅमपर्यंत चालतो. शिकारी माशांना पाऱ्याची सवलत 1 मिलिग्रॅमपर्यंत. पण मर्यादेत बसणारा मासा कितीही खाल्ला तरी चालतो, असा त्याचा अर्थ नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटनेच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने मिथाइल पाऱ्याची आठवड्याची मर्यादा शरीराच्या दर किलो वजनामागे 1.6 मायक्रोग्रॅम ठेवली आहे, गर्भातल्या बाळाच्या मेंदूचा विचार करून. साठ किलोच्या बाईला आठवड्याला 96 मायक्रोग्रॅम. मासा 0.5 मिलिग्रॅमच्या काठावरचा असेल तर एवढा पारा 192 ग्रॅममध्येच पोटात जातो, म्हणजे दोन-तीन तुकडे. शिकारी माशाच्या मर्यादेवरचा असेल तर 96 ग्रॅममध्ये. पंधरा किलोच्या पोराचा हिशेब 24 मायक्रोग्रॅम, म्हणजे त्या काठावरच्या माशाचे जेमतेम 48 ग्रॅम. उलट मासा अन्नसाखळीत खालचा आणि त्यात पारा 0.1 मिलिग्रॅम असेल, तर त्या बाईला आठवड्याला 960 ग्रॅम आणि पोराला 240 ग्रॅम खाऊनही मर्यादा ओलांडली जात नाही.

म्हणून माझा सल्ला असा. निरोगी मोठ्या माणसाने रोहू, कटला, चिलापी आठवड्यातून दोन-तीनदा खुशाल खावी. गरोदर, अंगावर पाजणाऱ्या आणि मूल होऊ द्यायचा विचार असलेल्या बायकांनी, तसंच लहान मुलांनी शहराखालच्या धरणातली मरळ, शिवडा पूर्ण टाळावी. बाकीचा मासा आठवड्यातून दोनदा, शक्यतो दर वेळी वेगळ्या पाण्यातला. रक्तातला मिथाइल पारा निम्मा व्हायला साधारण पन्नास दिवस लागतात, तेव्हा ही काळजी दिवस राहिल्यावर नव्हे, दोन-तीन महिने आधीपासून घ्यायची. कॅडमियम मूत्रपिंडात दहा ते तीस वर्षं ठाण मांडतं. ते माशापेक्षा तंबाखूच्या धुरातून जास्त जातं, हे बिडी ओढत माशाच्या विषाची चर्चा करणाऱ्यांनी लक्षात घ्यावं.

शिशाला सुरक्षित पातळीच नाही. 2010 मध्ये याच समितीने शिशाची आधीची आठवड्याची मर्यादा मागे घेतली. शरीरात लोह आणि कॅल्शियम कमी असेल तर आतडी शिसं जास्त ओढून घेतात, आणि आपल्याकडे रक्त कमी असलेल्या बायका-मुलांची संख्या सर्वांना ठाऊक आहे. नाचणी, पालेभाजी, त्यावर लिंबू पिळणं, डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या न चुकवणं हे यासाठीही उपयोगाचं.

शिशाचा आळ मात्र दर वेळी माशावरच घेऊ नका. बांगलादेशात गरोदर बायकांच्या रक्तातल्या शिशाचा माग काढताना संशोधक हळदीपाशी पोहोचले. पिवळेपणासाठी तिच्यात लेड क्रोमेट मिसळत होते. माशाच्या कालवणात हळद सढळ हाताने पडते, तेव्हा सुटी, भडक पिवळी पूड न घेता हळकुंडं आणून दळून घ्या. पितळी पातेल्यात आंबट कालवण करत असाल तर कल्हई करणारा शुद्ध कथील वापरतो का, हे विचारा. त्यात स्वस्तातलं शिसं मिसळलेलं असू शकतं. मच्छीमार घरांसाठी आणखी एक. पाग जाळ्याच्या कडेला ओवलेले मणी शिशाचे असतात. घरच्या चुलीवर शिसं वितळवून हे मणी पाडणं ताबडतोब थांबवा, जाळं पोरांच्या खेळण्याच्या जागी टाकू नका आणि जाळं हाताळल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय भाकरी मोडू नका. त्या घरातल्या मुलांना माशापेक्षा या मण्यांचा धोका मोठा आहे.

तपासणी आणि आकडे

अमुक तलावाच्या माशांत मर्यादेच्या दहापट शिसं, अशी बातमी वाचलीत की आकडा कशाचा आहे ते बघा. संशोधनात बऱ्याचदा मासा वाळवून मोजतात. माशात पाऊण हिस्सा किंवा त्याहून जास्त पाणी असतं, म्हणून वाळवलेल्या वजनावरचा आकडा ओल्या माशाच्या चार-पाचपट दिसतो. कायद्यातली मर्यादा मात्र ओल्या माशाची. दुसरं, तो आकडा मांसाचा की कल्ल्या-काळजाचा? या दोन गोष्टी न सांगणाऱ्या बातमीवरून धंदा बुडवणं हा भोई-ढीवरांवर अन्याय आहे. नदी त्यांनी घाण केलेली नाही, आणि त्या पाण्यातला मासा सर्वांत जास्त खातात तेच.

केस तपासून 'हेवी मेटल' काढून देणारे पॅकेज आणि डिटॉक्सच्या पुड्या यांवर पैसे घालवू नका. शंका असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने रक्तातलं शिसं, पारा मोजून घ्या. शिसं डेसिलिटरमागे 5 मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त आलं तर ते कुठून येतंय हे शोधून थांबवा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

मासा तपासून घेण्याचा हक्क ग्राहकाला आहे. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, 2006 च्या कलम 40 प्रमाणे फी भरून अन्न विश्लेषकाकडून नमुना तपासून घेता येतो आणि तो नियमात न बसणारा निघाला तर फी परत मिळते; अट एवढीच, की तपासणीसाठी घेतोय हे विकत घेतानाच विकणाऱ्याला सांगायचं. एकट्या ग्राहकाने टोपली घेऊन बसलेल्या बाईवर हे कलम चालवणं मला पटत नाही. हे काम मच्छीमार सहकारी संस्थांनी आणि तलावाची मालकी असलेल्या ग्रामपंचायतींनी करावं. दर वर्षी पावसाळ्याआधी, पाणी सर्वांत कमी असताना, गाळाचा एक नमुना आणि दोन-तीन जातींच्या माशांचे नमुने एनएबीएल मान्यतेच्या प्रयोगशाळेत द्या. मांस आणि काळीज वेगवेगळं तपासा, निकाल ओल्या वजनावर मागा आणि जसा येईल तसा फलकावर लावा. तलावातला गाळ काढून शेतात टाकायची योजना येणार असेल तर त्याआधी गाळाचा अहवाल जरूर बघा. आकडे वाईट आले तर तीच प्रत प्रदूषण नियंत्रण मंडळाला लेखी तक्रारीसोबत द्या, आणि पोच घेतल्याशिवाय कचेरीतून उठू नका.